तुळशीदासची स्वतःची गाडी

कळंबला हायवेच्या कडेला तुळशीदासचं गॅरेज आहे. गॅरेज कसलं, पत्र्याचं शेड, एक बाकडं आणि चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या. पण गाडीच्या वायरिंगमध्ये त्याचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नाही. हे मी त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही, कारण तो कामाला वेळ लावतो आणि मला थांबायचा वैताग.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते अशी तक्रार आली की त्याची रीत ठरलेली. गाडी बंद करून अर्धा तास हात लावायचा नाही. मग बॅटरीची एक वायर सोडून मध्ये मीटर जोडायचा आणि एकेक फ्यूज काढत बसायचं. ज्या फ्यूजला आकडा खाली येईल, त्या लाइनवर काहीतरी करंट खातंय. "घाई केली की गाडी खोटं बोलती, गुरुजी," असं तो मला ऐकवायचा. मी तीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस!

आणि याची स्वतःची जुनी कार दोन दिवस उभी राहिली की ठार बंद. मग गॅरेजातली बॅटरी नेऊन, केबल जोडून चालू करायची. त्याची बायको रत्ना सगळ्यांसमोर फिरकी घ्यायची, "लोकांच्या गाड्या बऱ्या करत्यात आन् आमची कायम सलाईनवर." तिला हृदयाचा त्रास होता. छातीत दुखलं तर वेळ घालवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कार घेतली होती तीच मुळी त्यासाठी. पण गिऱ्हाइकाची गाडी आधी, आपली मागून, हा त्याचा हट्ट. येत्या रविवारी बघतो, असं तो दर आठवड्याला म्हणायचा.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी त्यानं खरंच काम बंद ठेवलं. मीटर घेऊन घरी निघाला, तर मी माझी गाडी घेऊन दारात. दुसऱ्या दिवशी भाचीच्या लग्नाला ओतूरला जायचं होतं आणि हेडलाइट लागत नव्हते.

"उद्या सकाळी करतो की, गुरुजी. आज आमच्या गाडीचं बघायचं म्हनलंय."

मी चिडलो. गिऱ्हाईक नको झालंय का तुला, म्हणालो. त्यानं मीटर बाकड्यावर ठेवला आणि माझं बॉनेट उघडलं. संध्याकाळ त्यातच झाली.

मंगळवारी सकाळी सहाला रत्नाच्या छातीत कळ आली. कार चालू होईना. शेजारच्या पप्पूची पिकअप कांदा घेऊन मंचरला गेलेली. तुळशीदास गॅरेजकडे पळाला, बॅटरी खांद्यावर टाकून परत आला, केबल जोडली. पंचवीस मिनिटं गेली. मंचरला दवाखान्याच्या दारातच तिनं मान टाकली.

तेराव्यानंतर मी त्याच्या घरी गेलो, तर कारचं कव्हर काढलेलं, बॅटरी चार्ज करून बसवलेली आणि मीटर जोडलेला. सगळे फ्यूज काढले तरी आकडा उतरत नव्हता. म्हणजे करंट खाणारी लाइन फ्यूजच्या बाहेरची होती. मग एकदम उठून त्यानं रत्नाच्या सीटपुढची मॅट उचलली. खाली एक बल्ब जळत होता.

रत्ना एकदा तळेघरला, माहेरच्या दारात, गाडीतून उतरताना अंधारात पडली होती. पाय कुठं ठेवायचा ते तिला दिसावं म्हणून त्यानंच हा बल्ब बसवला होता. चावी नसली तरी लागावा म्हणून थेट बॅटरीवरून, फ्यूजशिवाय. दार लावलं की तो विझायला हवा, पण दाराचं बटण गंजून अडकलं होतं. वरून मॅट सरकली आणि तो बल्ब बसवल्याचं तो स्वतःच विसरला.

"म्याच लावला व्हता," तो म्हणाला. "तासाभराचं काम व्हतं, गुरुजी. फकस्त तासाभराचं." आणि तिथंच खाली बसून तो लहान पोरासारखा रडला.

रविवारचा तो तास मी घेतला होता.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुमचं हेडलाइट नीट लागत्यात ना?" त्यानं विचारलं.