दुसऱ्या भागात तरी तो बोलेल

तंजावरात घरोघरी केबल आली त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत संध्याकाळच्या कॉफीला एक जपानी चित्रमालिका लागायची, तमिळ बोलणारी. छत्र्या दुरुस्त करणाऱ्याची मुलगी आणि त्यांच्या माडीवर भाड्यानं राहणारा एक विद्यार्थी, अशी ती गोष्ट. दोघांचं रोज भांडण. ओल्या बुटांवरून, जिन्यातल्या दिव्यावरून, कशावरूनही. दोघं एकमेकांवर जीव टाकतात हे छत्री घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकालाही कळायचं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्या दोघांना.

बरेच महिने चाललेला मालिकेचा पहिला भाग संपला तेव्हा तो विद्यार्थी परीक्षेसाठी दुसऱ्या गावी निघून गेला, आणि जाताना एक अक्षर बोलला नाही. माझ्या आईनं त्या दिवशी रात्रीचं जेवण चिडचिड करत वाढलं. समोरच्या घरात राहणारी माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण, तर आमच्या तंजावरी मराठीत म्हणाली, "मेल्याला जीभ अहे कीं नाही?" दुसऱ्या भागात तरी तो बोलेल यावर मग दोघींचं एकमत झालं. त्यांचं एकमत होणं ही आमच्या घरातली दुर्मीळ घटना.

पण दुसरा भाग केबलवर आलाच नाही. केबलवाल्यानं हात वर केले. तमिळमध्ये कुणी केलाच नाही म्हणाला. शेवटी तो आणला माझ्या आत्येभावानं. आत्याचा हा एकुलता एक मुलगा कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. त्याच्या मित्राचा भाऊ सिंगापूरला होता, तिथून सीडींचं एक पुडकं आलं. बोलणं सगळं जपानी आणि खाली इंग्रजी अक्षरं.

आता पंचाईत अशी की आईला इंग्रजी येत नव्हतं, आणि आत्याचे डोळे मोतीबिंदूनं इतके अधू झाले होते की पडद्यावर तिला नुसता उजेड हलताना दिसायचा. बाबांना इंग्रजी उत्तम यायचं, पण सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला माणूस चित्रांतल्या पोरांचं भांडण वाचून दाखवणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. राहिले मी. एमएस्सी करत होते, तोंडाचा पट्टा तर जन्मापासून चालू होता. पहिल्या दिवशी मी एकटीनं सगळ्यांचे आवाज काढले आणि घसा बसला. त्यावर आत्यानं फर्मान काढलं.

"तूं पोरीचं वाच. पोराचं हा वाचील."

हा म्हणजे तिचा मुलगा. दाराशी चप्पल घालत होता, ती काढून निमूट येऊन बसला. निमूटपणा हाच त्याचा स्वभाव. लहानपणी मी त्याचा पतंग फाडला तरी तो मिठाची गुळणी धरून उभा राहायचा, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा. भांडायला समोर कुणी तरी लागतंच की.

तर असं आमचं वाचन सुरू झालं. आईसाठी तमिळमध्ये वाचलं तरी चाललं असतं, पण आत्याला घरात मराठीच लागायची. आमची मराठी म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी इथं आलेली आणि मग सांबारात मुरलेली. भांडणाचे प्रसंग तिच्यात झकास उतरायचे. "बूट इकडे कशास ठेवलास? घर काय तुझ्या आजोबांचं अहे?" असं मी म्हटलं की आत्या मांडीवर थाप मारून हसायची. पण मालिका पुढे गेली, तो विद्यार्थी परत आला, आणि त्यांच्या तोंडी भलतीच वाक्यं येऊ लागली. तिथं आम्ही अडलो. आमच्या घरच्या मराठीत रागवायला, भाजी निवडायला, श्राद्धाचा स्वयंपाक सांगायला शब्द भरपूर. प्रेमाला एकही नाही. प्रेम आम्ही फक्त तमिळ सिनेमात ऐकलेलं, आणि ते शब्द आईसमोर उच्चारायची सोय नव्हती.

एकदा पडद्यावर सरळ लिहून आलं की तिकडे असताना मला सारखी तुझी आठवण यायची. मी बघत राहिले, हा आता काय करतो. त्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, "जेवलीस कां?"

"तसं लिहिलं नाही," मी म्हणाले.

"अर्थ तोच," तो पडद्याकडेच बघत म्हणाला.

मी त्या रात्री चिडले होते, आणि कशावर ते मला नीट सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो यायच्या वेळेला मी दोनदा केस विंचरले, तेव्हा सांगता आलं. तो मला आवडत होता. हा मुका माणूस, लहानपणापासून समोरच्या घरात पडून असलेला! मला स्वतःचाच संताप आला.

नेमकं तेव्हाच बंगळूरचं स्थळ आलं. आमच्यातलंच, जुन्या तंजावरी घराण्यातलं. मुलगा मोठ्या कंपनीत, कॉम्प्युटरवाला. बाबांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. आमच्यात आत्याच्या मुलाला मामाची मुलगी देणं हीच खरी रीत, पण बाबा म्हणायचे, डॉक्टर नको सांगतात, आणि दिवसही बदलले. आत्या नवऱ्यामागं एकटीनं मुलगा वाढवलेली, मानी. भावाकडे मुलगी मागायला ती मरेपर्यंत आली नसती. आणि ज्यानं बोलायचं तो तर जन्माचा मुका. मी मनाशी ठरवलं होतं, बोलायचं त्यानं. मी कशाला पहिली बोलू?

शेवटची सीडी लावली तेव्हा बंगळूरकरांचा होकार येऊन पडला होता. पडद्यावर या वेळेला मुलगी निघाली होती. स्टेशन, गाडी, खिडकीत ती आणि फलाटावर तो. मी तिचं शेवटचं वाक्य वाचलं, "बरं, येतें मी." मग पडद्यावर सगळं शांत झालं. खाली अक्षरं नव्हती. शिट्टी झाली, गाडी हलली, आणि माझ्या शेजारून आवाज आला, "जाऊं नको."

मी वळून बघितलं. तो रिमोटची बटणं दाबत होता, कान लाल. गाडी गेली, नावांच्या ओळी वर सरकू लागल्या आणि दुसरा भाग संपला. आई बिचारी जाम खूश झाली, शेवटी बोलला म्हणून. फक्त गाडी सुटल्यावर बोलला याची तिला चुटपुट लागली. ते दोन शब्द मी आठवडाभर उशाशी घेऊन झोपले आणि वाट बघितली, की आता हा येईल, पडद्याशिवाय बोलेल. तो आला नाही. पहिले पाढे पंचावन्न.

आमच्या घराण्यात एक पद्धत होती. मुलगी बाहेर द्यायची असेल तर आधी हक्काच्या मुलाला, म्हणजे आत्याच्या नाहीतर मामाच्या मुलाला बोलवायचं, त्याच्या हातावर विडा ठेवायचा आणि हरकत आहे का ते विचारायचं. त्यानं विडा तोंडात घातला की वाट मोकळी. कुणी कधी हरकत घेतल्याचं ऐकिवात नव्हतं. मुलीला विचारायची पद्धत नव्हतीच.

शुक्रवारी सकाळी आत्या आणि तो आमच्या हॉलमध्ये येऊन बसले. मी आतल्या दाराशी उभी होते. बाबांनी तबक पुढं केलं आणि विडा त्याच्या तळहातावर ठेवला.

"बंगळूरला द्यायचं म्हणतों. तुझी हरकत नाही ना?"

माझा जीव कानात गोळा झाला होता. बोल, मी मनात म्हणत होते, निदान आता तरी बोल.

"नाही, मामा," तो म्हणाला.

त्यानं विडा तोंडाकडे नेला, तेवढ्यात आत्या बोलली.

"थांब. अण्णा, ह्याची हरकत नाही. माझी अहे."

"तुझी?" बाबा गोंधळले.

"मला टीव्ही दिसत नाही, पण ऐकूं येतं. जपानी पोरगा आधीं त्याच्या भाषेंत बोलतो, मग हा वाचतो. शेवटच्या दिवशीं तो जपानी बोललाच नाही. तर मग 'जाऊं नको' म्हणटलं तें कोण?"

हॉलमध्ये सगळे त्याच्याकडे बघू लागले. तो हातातल्या विड्याकडे बघत होता. आत्यानं तोंड माझ्या दिशेला वळवलं. तिला मी धूसरच दिसत असणार.

"आणि तुझं तोंड कुठं गेलं? अवघ्या गल्लीला पुरून उरतेस. अता सांग."

मी तोंड उघडलं. शब्द आला नाही. आमच्या मराठीत तो नव्हताच, आणि तमिळमध्ये, इंग्रजीत असलेलेही सगळे कुठं पळाले कोण जाणे. आई बघत होती, बाबा बघत होते. शेवटी मी हॉल ओलांडून गेले, त्याच्या हातातला विडा काढून घेतला आणि परत तबकात ठेवला.

बाबा खुर्चीत मागे टेकले.

"अता बंगळूरकरांना मी काय सांगूं?"

माझ्या आधी तो बोलला. आयुष्यात पहिल्यांदा.

"मी सांगतों, मामा."