झोपेत टाकून गेलेल्या दोघी

वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलमधल्या शिफ्ट सांभाळून मी सिडनीच्या एका आर्ट गॅलरीत व्हॉलंटियर गाइडचं ट्रेनिंग पूर्ण केलं. पहिल्या टूरला सासूबाई हट्टाने सोबत आल्या. पुण्याहून येऊन त्यांना महिना झाला होता. इंग्रजी कळायचं, पण चारचौघांत बोलायला त्या बुजायच्या.

युरोपातल्या पौराणिक चित्रांचं दालन माझ्याकडे होतं. मी पाठ केलेलं बोलत सुटले. शैली, रंग, प्रकाश. तिसऱ्या चित्रापाशी टूरमधले दोघं सटकले, एकजण फोन काढून बसला. मला पारखायला आलेली ट्रेनर मागून वहीत काहीतरी टिपत होती.

पुढचं चित्र ग्रीक पुराणातल्या एरिॲडनीचं. समुद्रकाठी ती गाढ झोपलेली आणि दूरवर एका जहाजाचं शीड. मी अडखळले, तेवढ्यात सासूबाईंनी मराठीत विचारलं, "अगं, जहाजात कोण आहे?"

"तिचा प्रियकर, आई. भूलभुलैयातून जिवंत बाहेर येता यावं म्हणून हिनेच त्याला दोरा दिला. त्याच्यासाठी बापाचं घर सोडलं. आणि हा तिला झोपेत टाकून निघालाय."

"झोपेत? मग ही आपली दमयंतीच की! नळानेही तिला रानात अशीच सोडली."

"काय म्हणतायत त्या?" एका ऑस्ट्रेलियन बाईंनी विचारलं. मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग पुढे काय झालं तिचं?"

"आई, तुम्हीच सांगा. मी इंग्रजीत करते."

सासूबाई चित्रापुढे येऊन उभ्या राहिल्या. नळाने पळताना तिचं अर्धं वस्त्र फाडून नेलं, इथपासून त्यांनी सुरुवात केली. फोन खिशात गेला. शेजारच्या दालनातली माणसंही येऊन थांबली. नवऱ्याला शोधायला दमयंतीने स्वतःचं दुसरं स्वयंवर जाहीर केलं, हे मी सांगितलं तेव्हा हशा पिकला. त्या हशाने सासूबाईंना काय चेव आला कोण जाणे, मला हाताने थांबवून त्या थेट इंग्रजीत म्हणाल्या, "शी वॉज नॉट क्रायिंग. शी वॉज प्लॅनिंग!"

टाळ्यांनी दालन दणाणलं. मग एरिॲडनीला पुढे साक्षात देव नवरा मिळाला हे मी सांगितलं, एकही शब्द न अडखळता.

ट्रेनर पुढे आली. "पुढच्या महिन्यात मराठीतूनच एक टूर करशील? दोघी मिळून?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "येस."