जसुबेनच्या मोरीतले सुरखाब

भावनगरला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर माझ्या दाराला दार लागून रसीलाबेन राहायच्या. विधवा बाई. खाखरे लाटून विकायच्या आणि जीभ अशी की भाजीवालासुद्धा आधी वजन नीट करून मगच भाव सांगायचा. त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर जसुमतीबेन. त्याही एकट्याच, पण अगदी अबोल.

जसुबेनच्या न्हाणीघरातून पाणी झिरपून रसीलाबेनच्या छताला आधी डाग पडला, मग पोपडे सुटले. गवंडी बघून गेला. म्हणाला, "वरच्या फरशीखाली पाइप फुटलाय. फरशी फोडल्याशिवाय इलाज नाही." जसुबेननी त्याला दारातूनच परत पाठवलं. "फरशी फोडायची नाही," एवढंच बोलल्या.

आणि एका सकाळी लग्नघरचे खाखरे भरून ठेवलेल्या उघड्या डब्यांवर छताचा गिलावाच कोसळला. सगळ्या मालाचा चिखल झाला. रसीलाबेननी पदर खोचला, एका हातात हातोडा घेतला आणि दुसऱ्याने माझा दंड धरला. "चल गं, साक्षीदार हवा. आज तिची फरशी मीच फोडते."

वर जाऊन त्यांनी दार दणादणा वाजवलं. "जसुबेन, वर राहता म्हणून देव झालात काय? रोज अभिषेक करताय माझ्यावर!"

जसुबेननी दार उघडलं. बाजूला झाल्या आणि न्हाणीघराची कडी काढली.

रसीलाबेन तावातावाने आत शिरल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. त्यांच्या खांद्यावरून मी डोकावले. फरशीपासून छतापर्यंत सुरखाब उडत होते. खाडीवर थंडीत उतरतात तेच लांब पायांचे गुलाबी रोहित पक्षी, पण सगळे फुटक्या कपबश्यांच्या तुकड्यांचे. गुलाबी बश्यांचे पंख, कपांच्या सोनेरी कडांची पंखांना किनार, कपांच्या कानांच्या वळणातून केलेल्या माना. खाली फरशीभर निळ्या-हिरव्या तुकड्यांचं पाणी आणि त्यात उंच काड्यांसारखे पाय. नुकतीच आंघोळ झालेली असल्यामुळे सगळं ओलं होतं, आणि ओलं होतं म्हणून हलत होतं. जसुबेनचे वारलेले यजमान लाभशंकरभाई काचसामानाच्या वखारीत हमाल होते. फुटलेला माल पोत्यात भरून घरी आणायचे आणि सुट्टीच्या दिवशी इथे बसायचे. त्यांनी आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं. शेवटचा पक्षी छातीपर्यंतच झाला होता.

"कोणाला दाखवलं का नाहीत?" रसीलाबेनचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता.

"ते म्हणायचे, पुरं झाल्यावर दाखवू."

मला वाटलं, आता रडारड होईल. रसीलाबेन मात्र खाली बसल्या. एका पक्ष्याच्या पाठीवर बोट ठेवलं आणि पटकन मागे घेतलं, जणू तो उडेल. मग उठून म्हणाल्या, "नळ बंद करा इथला. कायमचा. उद्यापासून आंघोळीला खाली माझ्याकडे यायचं."

"अगं, रोज? लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी बघते. साबण मात्र तुमचा आणायचा, माझा चंदनाचा आहे."

जसुबेन खरंच येऊ लागल्या. रोज पहाटे खांद्यावर टॉवेल टाकून जिना उतरायच्या. सोसायटीत हशा झाला. "रसीलाबेन, हमामखाना काढलात का?" असं कोणी विचारलं तर उत्तर तयार असायचं, "हो. तुम्हालाही गरज दिसतेय, या." छत वाळलं, नवा गिलावा झाला. वर पक्षी कोरडे पडून फिकट दिसायचे, म्हणून सणासुदीला दोघी ओल्या फडक्याने एकेक पुसून काढायच्या.

बरीच वर्षं गेली. जसुबेनचे गुडघे गेले, जिना होईना. एक दिवस रडतच म्हणाल्या, "रसीला, गवंडी बोलाव. फोडू दे. ते गेले, आता मी पक्षी सांभाळून काय करू?"

"गप्प बसा," रसीलाबेन म्हणाल्या. "ते पक्षी काय तुमच्या एकटीचे? तुम्ही नुसत्या राखणदार."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरांची अदलाबदल करून टाकली! जसुबेनची खाट तळमजल्यावर आली आणि रसीलाबेन पोळपाट, तवा, डबे घेऊन वर गेल्या. साठी उलटलेली बाई. गिऱ्हाइकाला दोरीने टोपली सोडून खाखरे द्यायच्या, आणि आंघोळीला स्वतः जिना उतरून यायच्या.

मला राहवलं नाही. एकदा वर जाऊन विचारलंच, "रसीलाबेन, नात्याची ना गोत्याची. एवढं कसं केलंत?"

त्या लाटता लाटता थांबल्या. "मला कलेतलं काय कळतं गं? पण ते दार उघडलं ना, तेव्हा मी हातोडा मारायलाच गेले होते. आत पाहिलं आणि वाटलं, एका हमालाच्या मनात एवढं आभाळ होतं, आणि आपण त्याच्याच खाली बसून पाणी गळतंय म्हणून ओरडत होतो."

मग पुन्हा लाटणं फिरू लागलं. मी खाली आले तेव्हा जसुबेन दारात बसून उन्हात केस वाळवत होत्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.