डिगरी होस्किनचा हेव्वा

डिगरी होस्किनचं काम एकच: कड्याच्या टोकाला बसून समुद्रावर डोळे लावायचे. तारली माशांच्या झुंडीचा लाल डाग पाण्यावर दिसला की पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून ‘हेव्वा! हेव्वा!’ म्हणून बोंबलायचं. मग पुरुष होड्यांकडे धावत आणि बायका पीठ, चरबी, मनुका मळून केक भट्टीत सारत, वर सुरीनं जाळ्याच्या रेघा मारून. धनी परतेपर्यंत केक तयार.

गेल्या हंगामात डिगरीनं ढगाच्या सावलीलाच हेव्वा घातला. होड्या रिकाम्या आल्या, केक मात्र खरपूस भाजले गेले. पुढे कितीतरी दिवस जो तो तुकडा पुढे करून म्हणे, “घे बाबा, ढगाचा आहे, पचायला हलका.” यंदा चुकला तर कर्णा मेहुण्याकडे जाणार, हे ठरलेलंच. मेहुणा तर आत्तापासून घसा खाकरून तालीम करायचा. आवाज कुंपणात अडकलेल्या बोकडाचा.

आणि आज खाडीच्या तोंडाशी लालसर डाग. वर ढगही. डिगरीनं कर्णा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

कड्यामागे मधमाश्या पाळणारी ब्लांच मावशी ते बघून काठी टेकत आली. “काय रे माझ्या देखण्या, कर्ण्याला वारा घालतोयस?” ती सगळ्यांनाच देखणा म्हणे, पाद्र्यालासुद्धा.

डिगरीनं रडगाणं गायलं. जन्मभर ओरडतोय त्या शब्दाचा अर्थही आपल्याला ठाऊक नाही, हेही सांगून टाकलं.

मावशीनं तोंडातली चिलीम काढली. तिची आजी इंग्रजी बोले ती फक्त बाजारात. घरात इथली जुनी कॉर्निश भाषा. माश्या पोळं सोडून उठल्या की आजी म्हणे ‘हेस’. तारल्यांची झुंड आली तरी ‘हेस’च. त्यातूनच हा हेव्वा निघाला, असं आजी सांगायची.

“म्हणजे मोहोळ उठलं, एवढंच. सावली सरपटते रे, मोहोळ आतल्या आत उकळतं. तुझा डाग काय करतोय?”

डिगरीनं डोळे बारीक केले. ढग सरकला, सावली कड्यावरून निघून गेली. डाग तिथंच होता. वळवळत होता, कडेनं फाटत होता, पुन्हा जुळत होता.

तो असा ओरडला की मावशीनं कान झाकले. खाली दारं आपटली, होड्या सुटल्या. मग कर्णा ठेवून, खुणेसाठी तोडून ठेवलेल्या काटेरी फांद्या दोन्ही हातांनी हलवत तो होड्यांना झुंडीची वाट दाखवत राहिला. जाळं आवळलं, पाणी रुपेरी उसळलं, आणि डिगरीनं फांद्या खाली टाकल्या.

संध्याकाळी त्याची बायको ग्रेस गरम केक घेऊन वर आली. “खा. हा ढगाचा नाही.”

मेहुणा जाळं ओढून इतका दमला होता, की खाकरलासुद्धा नाही.