दहात नऊ

मिल बंद होऊन वर्ष उलटलं होतं आणि मी बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलं होतं. प्रॅक्टिकलसाठी एक सर्व्हे करायचा होता, विषय आपला आपण निवडायचा. मी डोकं चालवलं. आमच्या मोहल्ल्यातली मिलवाल्यांची चाळीस घरं, आणि प्रश्न एकच: मिल पुन्हा उघडेल का? छत्तीस घरांनी हो म्हटलं. "खुलेगी बेटा, पक्का खुलेगी," म्हणत वर चहाही पाजला. छत्तीस भागिले चाळीस, शून्य पूर्णांक नऊ. झाली संभाव्यता.

बाबा त्याच मिलमध्ये क्लार्क होते. पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात त्यांच्यासाठी स्टोअरकीपरची जागा निघाली होती. पगार निम्मा, आणि मालकाने सोमवारपर्यंत सांगा म्हटलं होतं. बाबांनी माझा आकडा ऐकला आणि एकदम खुश झाले. दहात नऊ म्हणजे पक्कंच की, मग ती फालतू नोकरी कशाला धरायची? आईने कपाळावर हात मारला. एरवी माझ्या अभ्यासाकडे ढुंकूनही न बघणारा माणूस!

मी समजावलं, की बाबा, हा आकडा माणसांचा आहे, मिलचा नाही. कुठलंही दार वाजवलं तर आतून 'हो' ऐकू येण्याची शक्यता दहात नऊ, एवढाच त्याचा मतलब. मिलच्या फाटकाला त्याची खबरही नाही. तर म्हणे, छत्तीस घरं काय येडी आहेत? माझी सटकली. पण बाबांशी वाद घालून आमच्या घरात आजवर कुणाचं काही चाललं नव्हतं.

रविवारी मी पुन्हा तीच चाळीस घरं फिरले. या वेळी विचारलं, निम्म्या पगाराची नोकरी आज मिळाली तर जाल का? उत्तर द्यायला कुणी वेळ लावला नाही. एका काकांनी तर कुठे आहे, पत्ता दे, म्हणून पिच्छाच पुरवला. मी पत्ता दिला नाही, आणि त्याचं मला वाईट वाटलं.

घरी आल्यावर बाबांना नवा प्रश्न सांगितला.

"किती जण हो म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"अडतीस."

मला वाटलं, आता बाबा मिलबद्दल काहीतरी बोलतील. ते आईकडे वळून म्हणाले, "उद्या मला लवकर उठव. यातला एखादा माझ्या आधी पोहोचायचा."