शेवग्याचा पाला

बायकोसोबत शेवटचं काम केलं ते पाला तोडायचं. अंगणातल्या शेवग्याची फांदी मी वाकवून धरली आणि तिनं पाला ओच्यात घेतला. तो आमच्या आईवेगळ्या नातीसाठी होता. पोरगी सदा खोकायची, दोनदा तर छाती भरली होती. जरीपटक्याच्या दवाखान्यातली नर्सबाई बायकोले म्हणाली होती, "हिच्या अंगात व्हिटॅमिन कमी हाय, म्हणून खोकला बसते. औषध माझ्याकडं, पाला तुमच्याकडं."

त्या नर्सबाईचं नाव मी कधी विचारलं नाही. जाडजूड बाई, पायात पुरुषी चपला. औषध पाजलं की पोरीचं शेंबडं नाक आपल्याच पांढऱ्या पदरानं पुसायची.

पाला तोडला त्याच संध्याकाळी बायको गेली. तिसऱ्या दिवशी नर्सबाई दारात आली. घरात बाया रडून राहिल्या होत्या. ती सरळ पोरीजवळ बसली, तिच्या पाठीले कान लावला आणि मले विचारलं, "पाला देऊन राहिले का हिले?"

माझी बहीण म्हणाली, "सुतक हाय बाई, चूल बंद हाय. शेजारचं पिठलं-भात खाते ते."

"सुतक तुम्ही पाळा. खोकला पाळते का?"

बहिणीनं तोंड फिरवलं. मले मात्र राग आला नाही. इतके लोक येऊन रडून गेले, पण बायकोच्या हातचं राहिलेलं काम एकट्या तिनंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका हातानं फांदी वाकवली, दुसऱ्या हातानं पाला तोडला आणि चूल पेटवली.