ज्या हॉफहून कोणीच आलं नव्हतं

माझे व्याही हॅरल्ड पेन्सिल्व्हानियाहून जर्मनीत, ब्राउनश्वाइगला आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत लेकीसाठी, म्हणजे आमच्या सूनबाईसाठी, लोणच्याच्या चार बरण्या होत्या आणि माझ्यासाठी एक झेरॉक्स. घरच्या जुन्या बायबलचं पहिलं पान. त्यावर जर्मनमध्ये एवढंच: याकोब, हॉफहून आला.

हॅरल्डरावांचं घराणं मेनोनाइट. शस्त्र न धरणारा, शपथ न घेणारा, आणि माणूस मोठा होऊन स्वतः मागेपर्यंत त्याला बाप्तिस्मा न देणारा हा ख्रिस्ती पंथ. स्वित्झर्लंडमधून हाकलले गेले, जर्मनीत काही पिढ्या शेतं कसली, आणि इंग्रजांच्या अमेरिकन वसाहतीत जमीन मिळते म्हटल्यावर जहाजात चढले.

"ती जमीन आधी कोणाची होती, ते मात्र आमच्या बायबलमध्ये नाही," हॅरल्डराव म्हणाले. माणूस मला तिथेच आवडला.

त्यांची आई ब्याण्णव वर्षांची. दृष्टी झपाट्याने चालली होती. ती पुरती जायच्या आत तिला त्या पानावर मूळ गावाचं पूर्ण नाव स्वतःच्या हाताने लिहायचं होतं, आणि मग बायबल नातीला द्यायचं होतं.

"हॉफ ना? बव्हेरियात आहे," मी नकाशावर बोट ठेवलं.

"अहो, आधी कोणाला तरी विचारा," बायको म्हणाली.

मी संस्कृत शाळेत शिकलेला. छापील नकाशा हे प्रत्यक्ष प्रमाण, त्यापुढे बायकोचं अनुमान कुठे टिकणार? निघालो.

माग्देबुर्ग, लाइपझिगवरून साडेतीन तास. रस्ता उत्तम, बाल्कन्यांतून वर्ल्ड कपचे झेंडे अजून लोंबत होते. हॉफमध्ये एक माणूस खाली कोळसे घातलेल्या पितळी बंबातून सॉसेज विकतो. आपल्या न्हाणीघरातला बंब डोळ्यांसमोर आणा, फक्त पाण्यात सॉसेज. हॅरल्डरावांनी दोन खाल्ली, मी पाव आणि मोहरीची चटणी.

शहराच्या दप्तरखान्यात (आधी फोन करून वेळ घ्या, इथे कोणी सहज डोकावत नाही) चष्मा लावलेल्या बाईंनी झेरॉक्स वाचली.

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण कोणता हॉफ?"

"हाच. हॉफ."

"हो, पण हॉफ म्हणजे शेतावरचं घर, गोठा, कोठार. तसे हॉफ जर्मनीभर आहेत. मेनोनाइट म्हणताय, तर ऱ्हाइनपलीकडे प्फाल्त्समध्ये बघा."

पंधरा वर्षं या देशात काढलेला मी. उद्या अमेरिकेतून कोणी 'आमचे पूर्वज वाडीहून आले' म्हणत यावं आणि मी त्याला थेट सावंतवाडीला उतरवावं, तसं झालं.

"म्हणजे आपण चुकीच्या गावी आलोय?" हॅरल्डरावांनी शांतपणे विचारलं.

"गाव बरोबर आहे. पूर्वज चुकीचे आहेत."

न्युरेम्बर्गला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी जवळजवळ तीनशे किलोमीटर पश्चिमेला. प्फाल्त्समध्ये द्राक्षमळेवाल्यांच्या घरी खोल्या मिळतात, न्याहारीसकट माणशी पंचवीस युरो. हॉटेलच्या नादी लागू नका. तिथल्या मेनोनाइट मंडळीची कागदपत्रं एक निवृत्त शिक्षक सांभाळतात. त्यांनी याद्या उलगडल्या आणि माझा गोंधळ पूर्ण झाला. तीन हॉफ, तिन्हीकडे याकोब. बाप याकोब, मुलगा याकोब, चुलत भाऊही याकोब. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला देतात; इथे नाव जमिनीला टेकूच देत नव्हते.

"तुमचा याकोब कोणता ते सांगता येणार नाही," शिक्षक म्हणाले. "आणि मूळ गाव म्हणाल तर यांना नव्हतंच. जमीन दुसऱ्याची. करार संपला की गाडी जुंपून पुढच्या हॉफवर."

तिन्ही हॉफ पाहिले. पहिल्यावर घोडेस्वारीची शाळा, दुसरा बंद. आईला काय सांगायचं, हा प्रश्न एव्हाना हॅरल्डरावांच्या चेहऱ्यावर लिहिलेला होता. तिसऱ्या हॉफच्या फाटकाशी पुठ्ठ्याची पाटी होती: ग्रुंबेरे.

हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. तरी माझी विद्या गप्प बसेना. "बेरे म्हणजे बेरी. तत्पुरुष समास. हे कुठलंतरी फळ असणार."

"बटाटे," हॅरल्डराव म्हणाले. त्यांना जर्मनचं अक्षर येत नाही.

"बटाट्याला कार्टोफेल म्हणतात हो."

"माझी आई ग्रुंबेरेच म्हणते. घरी आम्ही तिला हसायचो."

आतून एक बाई मातीचे हात पुसत आल्या. मी शुद्ध जर्मनमध्ये विचारलं, हे काय आहे. त्यांनी मला सहानुभूतीने न्याहाळलं आणि पिशवी उघडून दाखवली. बटाटे. हॅरल्डरावांनी पाच किलो घेतले, आणि फाटकाशी बराच वेळ पिशवी हातात धरून उभे राहिले.

रविवारी दुपारी ब्राउनश्वाइगहून त्यांनी आईला फोन लावला. स्पीकर चालू होता. गाव सापडलं नाही, तीन आहेत, खरं कोणतं ते कळत नाही, असं सगळं त्यांनी सांगितलं.

"पण आई, तिथे बटाट्यांना ग्रुंबेरे म्हणतात."

"मग दुसरं काय म्हणणार?"

"तू पानावर काय लिहिणार?"

"तिन्ही लिहीन. जागा आहे." मग म्हणाली, "यंदा पीक कसं आहे तिकडे?"

हॅरल्डरावांनी माझ्याकडे पाहिलं. नकाशे, याद्या, समास सगळं करून आलो होतो. हे मात्र दोघांपैकी कोणीच विचारलं नव्हतं.